अकरा टक्के

रविवार, ७ जुलै २०२४

नवी वही, म्हणून सवयीनं पहिल्या पानावर नाव आणि विषय लिहिला. नाव: शिवशंकर. विषय: दैवशालाची शक्यता. मग विषय खोडला. मुलगी उत्तरा आता दुसरीत आहे आणि हाताला लागेल ते मोठ्यानं वाचते. माझ्या आईच्या कानावर इतक्यात जायला नको.

झालं असं. दुपारी जेवणं उरकल्यावर दैवशाला म्हणाली, "तुमी कॉलेजात संभाव्यता शिकवता ना? मग माझी काढा."

मला वाटलं चेष्टा करायली. पण तिनं फोनवर चार बिझनेस स्कूलची यादी दाखवली. एक बोस्टनची, एक फिलाडेल्फियाची, एक पॅरिसजवळची, एक हैदराबादची. जगात नाव असलेल्या. त्यांच्यासाठी लागणारी जीमॅट परीक्षा तिनं मे महिन्यातच पुण्याला जाऊन दिली. मला ऑफिसचं ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं होतं. ६५५ गुण पडले. "कमी पडले असते तर सांगितलंच नसतं," म्हणाली.

म्हणजे बायको दोन महिने हे मनात घेऊन फिरत होती आणि मी तिला रोज सकाळी मानवतच्या स्टँडवर परभणीच्या गाडीत बसवून देत होतो.

ती सीए आहे. आठ वर्षं खासगी बँकेत. गोदामातल्या सोयाबीन, हरभरा, कापसाच्या तारणावर कर्ज द्यायचं की नाही हे तीन जिल्ह्यांसाठी ती ठरवते. पुण्यातल्या एका सल्लागारानं फोनवर पंधरा मिनिटांत तिला सांगितलं: भारतीय, फायनान्सवाली, सीए, गर्दीतली प्रोफाइल.

"त्यानं माझ्याबद्दल काहीच विचारलं नाही हो," ती म्हणाली. "तुमी मला ओळखता. तुमी सांगा. खरं सांगा, गोड नका सांगू."

मी म्हटलं, महिनाभर लागेल, माहिती गोळा करावी लागेल.

"तुमच्या मनाला काय वाटतं, ते पण सांगा."

मी म्हटलं, यात मनाचा काही संबंध नाही, आकडे काय म्हणतात ते बघू. ती हसली. का हसली कळलं नाही.

मंगळवार, ९ जुलै

स्टाफरूममध्ये बसून माहिती उतरवली. बोस्टनला शंभरातले साधारण बारा घेतात. बाकीच्यांचे आकडे ज्याचे त्याचे वेगळे. वय सरासरी सत्तावीस-अठ्ठावीस. दैवशाला तेहतीस. पॅरिसवाले थोडे मोठे घेतात आणि त्यांचा अभ्यासक्रम दहा महिन्यांचाच असतो. अमेरिकेत दोन वर्षं.

दोन वर्षं हा आकडा लिहून त्याच्याभोवती गोल केला. कशासाठी केला माहीत नाही.

शनिवार, २० जुलै

अडकलो आहे. बारावीच्या पोरांना मी फळ्यावर सांगतो की आधी गट ठरवा, मग शक्यता काढा. पिशवीत किती लाल चेंडू, किती पांढरे. दैवशालाला कोणत्या पिशवीत घालायचं?

भारतीय फायनान्सवाल्यांत घातलं तर पाच टक्क्यांच्या आसपास येतं. बायकांत घातलं तर वाढतं. गुण धरले की वाढतं, वय धरलं की उतरतं. शेतमालाच्या कर्जाचं काम करणारे फार अर्ज करत नसणार, म्हणजे ती उठून दिसेल. तसं धरून एकदा एकतीसपर्यंत गेलो. आणि शेवटी ऊसतोड मजुराची मुलगी, वालूरची, मराठी शाळेतून सीए झालेली, असा गट केला तर त्यात ती एकटीच उरते. एकटीच्या गटाची शक्यता काढायची पद्धत मला येत नाही. कुणालाच येत नसावी.

एकतीस आकडा पेन्सिलनं लिहिला होता. मग वाटलं, उगाच आशा लावण्यात काय अर्थ. घरचंही बघायला हवं. उत्तरा सात वर्षांची. आई अडुसष्ट. आई या गोष्टीला कधीच तयार होणार नाही. या बाबी प्रवेशाच्या शक्यतेत धरायच्या की नाही, याचा बराच वेळ गोंधळ झाला. शेवटी धरल्या.

अकरा टक्के.

मी स्वतः बी.एस्सी.नंतर हैदराबाद विद्यापीठाचा फॉर्म भरला होता आणि परीक्षेला गेलो नव्हतो. तेव्हाही आधी शक्यता काढली होती. साडेसात टक्के आली होती. गणित बरोबर होतं, अजूनही ते कागद माझ्याकडे आहेत.

रविवार, ४ ऑगस्ट

सांगितलं. उत्तरा आईबरोबर देवळात गेली होती तेवढ्यात.

"अकरा," मी म्हटलं.

दैवशाला कणीक मळत होती, मळतच राहिली. मग म्हणाली, "कशाच्या जोरावर?" बँकेत कुणी आकडा सांगितला की ती असंच विचारते म्हणे. मी वही आणून तक्ते दाखवले. पिठाचे हात लांब धरून ती वाकून बघायली.

"ह्याच्यात मला कुठं लिहिलंय?"

मी बोट ठेवलं. भारतीय, फायनान्स, वय तीसच्या वर.

"आणि हे काय?" तिनं खालच्या ओळीकडं मान केली. तिथं 'आई' आणि 'उत्तरा' लिहिलेलं होतं. "हे बोस्टनवाले विचारणारेत का?"

मी म्हटलं, विचारणार नाहीत, पण परिणाम होतोच ना.

"हं," म्हणाली. थोड्या वेळानं, "मी गोदामात जाते ना, तेव्हा गोदामवाला आधीच सांगतो, मॅडम, माल एक नंबर आहे. आणि कागदावर पण सगळं एक नंबरच असतं. मी तरी परखीची नळी पोत्यात खुपसून आतला माल हातावर घेते. बघितल्याशिवाय मी कुणाला नाही म्हणत नाही."

मी म्हटलं, मी नाही कुठं म्हटलं? मी अकरा म्हटलं.

ती पुन्हा कणकेकडं वळली. जेवताना म्हणाली की आधी एकाच ठिकाणी अर्ज करून बघते, बोस्टनला. मला ते शहाणपणाचं वाटलं. तिला आकडा पटलेला दिसतो.

गुरुवार, २२ ऑगस्ट

अर्जासोबत निबंध द्यायचा असतो. तुम्ही आज जे आहात ते कशामुळे, असं काहीसं. तिनं तो लिहून मला इंग्रजी तपासायला दिला. इंग्रजी ठीक होतं. मी तीनदा वाचला.

तिनं अकराव्या वर्षाचं लिहिलंय. सहावीत असताना शाळा सोडवून आईबापानं तिला ऊसतोडीला नेलं होतं, कोल्हापूरकडं. तिचा भाऊ प्रीतम तेव्हा दोन वर्षांचा. त्याला सांभाळायला घरात दुसरं कुणी नव्हतं. टोळी पहाटे उसाच्या फडात गेलेली, ही पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, प्रीतमला घेऊन एकटी. त्याला ताप चढला आणि झटके यायला लागले. फड कुठल्या अंगाला आहे हे तिला माहीत नव्हतं. तिनं त्याला ओल्या फडक्यात गुंडाळलं, रस्त्यावर आली आणि उसानं भरलेल्या ट्रॅक्टरपुढं जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं शिव्या देत ब्रेक मारला. तिनं त्याला दोघांना दवाखान्यात न्यायला लावलं. पुढं लिहिलंय की आजही कर्जाच्या फाइलवर सही करताना माहिती अपुरीच असते, आणि अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायला मी त्या रस्त्यावर शिकले.

लग्नाला नऊ वर्षं झाली. मला हे माहीत नव्हतं. ती ऊसतोडीला गेली होती एवढं माहीत होतं. प्रीतमच्या जीपमधून मी कितीदा पाथरीला गेलो असेन, तोही कधी बोलला नाही.

मला वाईट वाटलं. नक्की कशाचं, ते सांगता येत नाही. बोस्टनच्या अनोळखी माणसांना ती हे सांगायलीय आणि मी मात्र इंग्रजी तपासायला.

संध्याकाळी तिला म्हटलं, निबंध चांगला आहे पण हे काढून टाक. त्यांना फायनान्सचा माणूस पाहिजे. असल्या गोष्टींनी कीव येते, प्रवेश मिळत नाही. त्याऐवजी कर्जमंजुरीला लागणारे दिवस तू चौदावरून पाचावर आणलेस, ते लिही.

"तुमाला वाचून कीव आली का?" तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं.

"मग काय वाटलं?"

मी म्हटलं, प्रश्न माझ्या वाटण्याचा नाही.

शनिवार, २४ ऑगस्ट

तिनं ते काढलं. चौदावरून पाच दिवस लिहिलं. निबंध आता नीटनेटका झाला आहे. मी पुन्हा वाचायला घेतला तर मधेच लक्ष उडालं आणि पहिल्यापासून वाचावा लागला.

बुधवार, ४ सप्टेंबर

अर्ज गेला. दैवशालानं बटण दाबताना उत्तराचं बोट धरून दाबायला लावलं. उत्तरानं विचारलं, "कशाचा फॉर्म?" ती म्हणाली, "शाळेचा." उत्तरा म्हणाली, "तू तर मोठी आहेस." विषय तिथंच संपला.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

बोस्टनचं पत्र आलं. मुलाखतीला न बोलावताच नकार. चार ओळी, सभ्य भाषा.

दैवशालानं मला फोनवर वाचून दाखवलं आणि "ठेवते, गोदामात आहे," म्हणून फोन ठेवला. मी सातव्या तासाला वर्गात गेलो आणि फार चांगलं शिकवलं. पोरंही म्हणाली, सर आज खुशीत आहेत. येताना भाजी घेतली, उत्तरासाठी पेढे घेतले. दसऱ्याचा आदला दिवस म्हणून घेतले.

घरी आल्यावर कळलं की मला हलकं वाटायलंय. लिहून ठेवतो, कारण वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. तिचा ताण संपला म्हणून वाटत असेल. महिनाभर ती लय परेशान होती.

नवीन माहिती आली की शक्यता पुन्हा काढावी लागते. पुन्हा काढली. सहा टक्के. तिला सांगितली नाही, तिनं विचारलीही नाही. पेढ्यांचा पुडा तिनं उघडून बघितला, माझ्याकडं बघितलं आणि झाकून ठेवला.

रविवार, ३ नोव्हेंबर. वालूर

भाऊबीज. दैवशाला आणि प्रीतम आत ओवाळायच्या गडबडीत होते. मी ओट्यावर सासूबाईंजवळ बसलो. सुलाबाई आता ऊसतोडीला जात नाहीत, गुडघे गेलेत. सासरे सुग्रीवराव यंदाही टोळीसंगं गेले आहेत, कितीही सांगितलं तरी ऐकत नाहीत.

मी ट्रॅक्टरचं विचारलं.

"तुमाला कुणी सांगितलं, जावईबापू?" त्या दचकल्याच. मग म्हणाल्या, "आमी फडातून आलो तर कोपी मोकळी. दोनी लेकरं न्हाईत. दुपारवर हिंडलो हिकडं तिकडं. मंग तालुक्याला दवाखान्यात घावली. मी आदी तिच्या दोन थोबाडीत दिल्या. न इचारता गेलीच कशी म्हणून. मंग डाक्टर म्हनला, बाई, पोरगी आली म्हणून पोरगं हाय."

थोडा वेळ त्या लाह्या निवडत राहिल्या.

"त्या मारल्यानं तिनं मनात काय धरलं की काय, तवापासून ती कुणाला इचारत न्हाई. सीएला नाव घातलं, इचारलं न्हाई. नोकरी धरली, इचारलं न्हाई. लगीन तेवढं आमी ठरवलं, तर त्यात बी तुमाला आदी बघून आली व्हती कालेजात जाऊन. म्हाईत हाय का तुमाला?"

मला माहीत नव्हतं.

"शिकवताना बघितलं म्हणली. खिडकीतून. घरी येऊन म्हणली, हा माणूस चुकला तर फळा पुसून परत मांडतो, चालंल मला."

मी म्हटलं, पण यंदा तिनं मला विचारलं. शक्यता काढून द्या म्हणाली.

सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "तुमाला इचारलं? तिनं?" आणि माझ्याकडं अशा बघायल्या की मला उठून आत जावंसं वाटलं.

परत येताना प्रीतमच्या जीपमध्ये विचार केला. त्यात एवढं नवल काय? मी संख्याशास्त्र शिकवतो म्हणून विचारलं असणार.

शनिवार, ११ जानेवारी २०२५

आज सहज विचारलं, बाकीच्या शाळांचं काय केलं? मला वाटलं होतं विषय संपला.

"पॅरिसवाल्यांना पाठवला अर्ज. मंगळवारी."

निबंध?

"लिहिला."

मी म्हटलं, मला दाखवला नाहीस. इंग्रजी तपासलं असतं.

"इंग्रजी बरं आहे माझं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. उत्तराची वेणी घालत होती, तिच्या केसात फणी अडकली होती ती सोडवत म्हणाली, "आधीचाच लिहिला. तुमी काढायला लावला तो. फीचं, रजेचं पण बघितलंय मी. तो माझा धंदाच आहे."

मी म्हटलं, सहा टक्के आहे आता.

हे का बोललो कळत नाही. ते सांगायचं नव्हतं.

उत्तरानं विचारलं, "कशात सहा टक्के पडले बाबा? नापास?"

सोमवार, १० फेब्रुवारी

मुलाखतीचं बोलावणं आलं. पॅरिसच्या शाळेतून शिकून गेलेले एक गृहस्थ हैदराबादला असतात, त्यांना जाऊन भेटायचं. रविवारी तेवीस तारखेला.

आकडे पुन्हा मांडले. मुलाखतीला बोलावलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास घेतात असं काही ठिकाणी लिहिलंय. म्हणजे पन्नास. एका पत्रानं सहावरून पन्नास. माझं आधीचं गणित कुठं चुकलं हे रात्रीपर्यंत शोधत होतो. आकडे बरोबर आहेत, बेरीज बरोबर आहे. गटच चुकीचा धरला होता का? मग बरोबर गट कोणता?

मी म्हटलं, सोबत येतो. ती म्हणाली, "या ना." एवढंच, पण लगेच म्हणाली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

काल हैदराबादला वही नेली नव्हती, म्हणून आज लिहितो.

मानवत रोडहून गाडी धरली आणि सकाळी पोचलो. एका मोठ्या हॉटेलच्या खालच्या दालनात मुलाखत होती. ते गृहस्थ साठीचे, साधा शर्ट घातलेले. दैवशाला त्यांच्याबरोबर आतल्या बाजूला गेली आणि मी दाराजवळच्या खुर्चीवर तिची पर्स मांडीवर घेऊन बसलो. पाऊण तास सांगितला होता. दीड तास झाला. लांबलेली मुलाखत चांगली की वाईट, याचे माझ्याकडे आकडे नव्हते. मी पाणी पीत राहिलो.

बाहेर आली ती दमलेली, पण चेहरा मोकळा. आम्ही रस्त्यापलीकडच्या हॉटेलात इडली खायला बसलो.

"काय विचारलं?"

"लय वेळ सोयाबीनचंच बोलत बसलो. गोदामात हवा कशी ओळखता म्हणाले. मी म्हटलं, हवा म्हणजे दाण्यातली ओल, मशीनपेक्षा आधी दाताखाली कळते. त्यांनी लिहून घेतलं." ती हसली. "मग म्हणाले, नाही निवड झाली तर? मी म्हटलं, सोमवारी जिंतूरच्या गोदामाची तपासणी आहे, तिथं जाईन."

"आणि?"

"आणि विचारलं, घरी लहान मुलगी आहे, नवऱ्याचं काय म्हणणं?"

मी इडलीचा घास हातात धरून थांबलो. "मग काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. म्हटलं, त्यांनी अजून काही सांगितलं नाही."

मला राग आला. म्हटलं, सांगितलं नाही म्हणजे? आठ महिने मी दुसरं काय करायलोय? अख्खी वही भरली. अकरा सांगितले, सहा सांगितले, आता पन्नास म्हणतोय.

"हो," ती म्हणाली. "तुमी सगळं सांगितलं." आणि माझ्या ताटात चटणी वाढली.

गाडीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मी बासरच्या आसपासच्या शेतांकडं बघत तेच वाक्य फिरवून फिरवून तपासत होतो. त्यांनी अजून काही सांगितलं नाही. कुठं चूक आहे त्यात, सापडेना.

बुधवार, ५ मार्च

बारावीच्या परीक्षेवर होतो. घरी आलो तर आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. म्हणाली, "शिवा, त्या वहीत काय लिवतोस रे सारखा?"

मी म्हटलं, कॉलेजचं काम.

"दैवशालाच्या पॅरिसचं असंल."

मी उभाच राहिलो. तुला कुणी सांगितलं?

"तिनंच. दिवाळीच्या आधी. म्हणली, मामी, धा म्हयने लेकीला सांभाळाल का. मी म्हणलं, न सांभाळायला काय झालं. वेणी मी घालीन, डबा शिवा भरंल. त्याला पोळ्या येत न्हाईत, तर ते शिकंल." आईनं शेंगांची टोपली माझ्याकडं सरकवली. "तुला न्हाई सांगितलं तिनं?"

वहीतल्या तक्त्यांसकट मी चार ठिकाणी लिहून ठेवलंय की आई तयार होणार नाही. आईला विचारल्याचं एकाही ठिकाणी लिहिलेलं नाही. कारण विचारलं नव्हतं.

"तू काय म्हणलास तिला?" आईनं विचारलं.

"अकरा टक्के म्हटलं."

"म्हंजी जा म्हणलास का नको म्हणलास?"

मी म्हटलं, आई, आकड्यात जा आणि नको असं काही नसतं.

"आरं, मंग सांगितलंस काय तिला?"

मी शेंगा सोलायला बसलो. बऱ्याच सोलल्या. दोन-तीनदा दाणे टरफलात टाकले आणि टरफलं दाण्यात.

शुक्रवार, २८ मार्च

आज परीक्षेचे पेपर तपासून तीन वाजता घरी आलो. दैवशालाची आज मानवतमध्येच तपासणी होती, दुपारी जेवून गेली आणि फोन चार्जिंगला विसरून गेली. मी चहा टाकत होतो. आतून उत्तरा ओरडली, "बाबा, मम्मीला कुणीतरी काँग्रॅच्युलेशन्स म्हणायलंय!"

फोनच्या काचेवर पत्राची पहिली ओळ दिसत होती. शाळेचं नाव होतं. मी ती ओळ उत्तराकडून दोनदा वाचून घेतली, माझा चष्मा कुठं ठेवला ते आठवेना.

गॅस बंद केला, उत्तराला मोटरसायकलवर पुढं बसवलं आणि धान्याच्या मोंढ्यामागच्या गोदामावर गेलो. आत हरभरा चाळायचं मशीन चालू होतं, त्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. दैवशाला पोत्यांच्या थप्पीवर चढून परखी घालत होती. नाकाला रुमाल बांधलेला. मी खालून फोन दाखवला. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, घरी काही झालं का म्हणून भराभर उतरली.

पत्र वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. रुमाल खाली ओढला. हसेल असं वाटलं होतं, पण फोन मला परत देऊन ती माझ्यासमोर उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली.

मी कानाला हात लावला. ती जवळ आली. "तुमी काय म्हणता?"

मी म्हटलं, आता मी काय म्हणणार, निवड झाली, शंभर टक्के, काढायचं काही राहिलंच नाही.

"ते नाही विचारलं."

तेव्हा मला समजलं. सगळं समजलं असं नाही लिहिणार. पण जुलैमध्ये जेवणं उरकल्यावर तिनं काय विचारलं होतं आणि महिन्यानं मी काय आणून दाखवलं होतं, एवढं त्या पोत्यांमध्ये उभं राहून लख्ख दिसलं.

"जा," मी म्हटलं.

"काय?"

"जा म्हटलं!"

तिनं मान हलवली, ऐकू आलं नाही म्हणून. मग मागं वळून गोदामवाल्याला हात केला. "सिताराम भाऊ, दोन मिनिटं मशीन बंद करा. आमचं घरचं बोलणं चालू आहे."

मशीन बंद झालं. एकदम शांत. चार हमाल पोती पाठीवरून उतरवून आमच्याकडं बघायले. उत्तरा पण बघायली.

"आता सांगा," दैवशाला म्हणाली. "घाई नाही. चार दिवस विचार करून सांगितलं तरी चालेल."

"विचार केला की माझं उलटंसुलटं होतं," मी म्हटलं. "आठ महिने तेच झालं. मला भ्या वाटतं तू गेलीस की. ते कुठल्या तक्त्यात लिहायचं कळलं नाही, म्हणून तुझ्या टक्क्यांतून कापत गेलो. आत्ताच सांगतो. जा तू."

ती मागच्या पोत्यावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. नऊ वर्षांत तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. काय करावं सुचेना. शेजारच्या पोत्यावर बसलो. उत्तरा येऊन आमच्या मधे घुसली आणि तिनं विचारलं की पॅरिसला बस जाते का.

आम्ही उठेपर्यंत सिताराम भाऊंनी मशीन सुरू केलं नाही.